कांद्याच्या पट्टीतून घरचा संगणक

माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलीला २०२४ साली तंत्रनिकेतनात संगणक शाखेला प्रवेश मिळाला. घरात पेढे वाटले गेले आणि दुसऱ्याच दिवशी प्रश्न उभा राहिला. शिकावयाचे संगणकाचे, आणि घरात संगणक नाही.

त्या वर्षीच्या कांद्याची कथा आपणां सर्वांना ठाऊकच आहे. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंद झाली. ती ४ मे २०२४ ला उठली खरी, पण ४० टक्के शुल्क डोक्यावर ठेवूनच. दादांनी चाळीतला अर्धा कांदा विकला, सोसायटीचे देणे फेडले आणि पट्टीतून ३८ हजार रुपये डब्यात बाजूला ठेवले. मला म्हणाले, "तू बी. एस्सी. झालास, तुला यातले कळते. एवढ्यात बसव." खरे सांगावयाचे तर बी. एस्सी. ॲग्रीला आम्हाला संगणक दाराबाहेरून दाखवला होता, चपला काढून. पण दादांपुढे तसे म्हणणे जमले नाही.

प्रथम लॅपटॉपचा विचार झाला. मुलगी वसतिगृहात राहणार असेल तर लॅपटॉपच बरा. उचलता येतो आणि वीज गेली तरी चालतो. आमची पुतणी मात्र एस. टी. ने रोज ये-जा करणार होती. घरी ठेवण्याच्या संगणकाचा एक भाग बिघडला तर तेवढाच बदलता येतो, आणि पुढे हातात पैसे आले की एखादा भाग वाढवता येतो. म्हणून सुटे भाग आणून घरीच जुळणी करावयाची असे ठरले. दुकानदार याला 'असेंबल' म्हणतात.

भाग मोजकेच असतात. हिशोब करणारा प्रोसेसर, तो ज्यावर बसतो तो मदरबोर्ड, चालू कामाची रॅम, साठवणुकीची एसएसडी, वीजपुरवठ्याचा एसएमपीएस, हे सारे मावेल असे कॅबिनेट, आणि बाहेर मॉनिटर, कीबोर्ड व माऊस. अवघड काय असेल तर ते एकमेकांना जुळवणे. विहिरीचे पाणी न पाहता मोटर आणली आणि मोटर न पाहता पाइप आणला तर काय होते ते आपण जाणतोच.

प्रोसेसरवरचा आकडा वाचावयास शिकले पाहिजे. बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण उलटून वाचतो, तसेच हे. कोअर आय३-१२१०० यातील पहिले १२ म्हणजे बारावी पिढी. पुष्कळ लोक आय३, आय५, आय७ एवढेच पाहतात आणि आय७ म्हटले की भारावून जातात. दुकानात मला एक जुना आय७ 'स्वस्तात' दाखवण्यात आला. तो चौथ्या पिढीचा, म्हणजे २०१३ च्या सुमाराचा होता. २०२२ चा हा साधा आय३ त्याच्या पुढे धावतो. दुसऱ्या कंपनीचा रायझन ५ ५६००जी हाही चांगला पर्याय होता. त्याला सहा कोअर आहेत, आय३ ला चार. पण आमच्या जिल्ह्याच्या गावी त्या दिवशी तो मिळाला नाही.

आता माझी चूक सांगतो, कारण तीच या लेखाचे निमित्त आहे.

दुकानात दोन खोकी शेजारी ठेवली होती. एकावर १२१००, दुसऱ्यावर १२१००एफ. एफवाला दोन हजारांनी स्वस्त. मी विचारले, वेग तोच का? दुकानातील पोऱ्या म्हणाला, तोच. तो खोटे बोलला नाही. मी मोठ्या शहाणपणाने एफवाला घेतला आणि वाचलेले दोन हजार मॉनिटरला लावले. रविवारी ओसरीवर सतरंजी अंथरून आम्ही जुळणी केली. पुतणीने मोबाइलवर पाहून एकेक स्क्रू लावला. दादा, वहिनी, शेजारची चार मुले भोवती बसलेली. वहिनींनी हळदकुंकू लावले. बटण दाबले, पंखा फिरू लागला, दिवा लागला आणि मॉनिटर काळाच. 'सिग्नल नाही' एवढे शब्द येत आणि तेही जात. तारा तीनदा काढल्या, रॅम दोनदा बसवली. संध्याकाळ झाली. मुले पांगली. दादा काही बोलले नाहीत. उठून गोठ्याकडे गेले. ते बोलले असते तर मला बरे वाटले असते.

रात्री उशिरा पुतणीनेच शोध लावला. "काका, ह्या एफचा अर्थ असा की यात चित्र काढणारा भागच नाही. वेगळे ग्राफिक्स कार्ड लागते." ज्यांना खेळांसाठी मोठे कार्ड घालावयाचेच असते त्यांना एफवाला परवडतो. आम्हाला कार्डाशिवाय काम भागवावयाचे होते, म्हणून बिनएफचाच हवा होता. रायझनमध्ये याच्या उलट आहे. ५६००जी मधील जी म्हणजे चित्राचा भाग आत आहे, आणि नुसता ५६०० असेल तर नाही. एका अक्षराने आमचा रविवार गेला.

सोमवारी दुकानात गेलो. फोडलेले खोके परत घेत नाही, असे तेथे भिंतीवरच लिहिले होते. भांडण्यात अर्थ नव्हता. सुदैवाने तालुक्यातील एका शिक्षकांकडे कार्ड असलेला संगणक होता. त्यांनी आठ हजारांचा तो प्रोसेसर सात हजारांना घेतला. नवा दहा हजारांचा आला. वरची भर मी माझ्या खिशातून घातली आणि दादांना सांगितले की बदलून मिळाला. त्यांना ते खरे वाटले की नाही, कोण जाणे.

मदरबोर्डाविषयी ध्यानात ठेवावयाचे म्हणजे सॉकेट, अर्थात प्रोसेसर बसण्याची जागा. बाराव्या पिढीच्या इंटेलला एलजीए १७०० सॉकेट लागते, ५६००जी ला एएम४. एकाचा दुसऱ्यात बसतच नाही. सॉकेट तेच असूनही बोर्ड जुना असेल तर त्यातील बायोस नावाचा मूळ प्रोग्राम आधी नवा करून घ्यावा लागतो, नाहीतर बोर्ड नव्या प्रोसेसरला ओळखत नाही. दुकानदाराकडून हे काम करून घेऊन मगच बोर्ड घरी आणावा. आम्ही एच ६१० जातीचा साधा बोर्ड घेतला. रॅमही बोर्ड पाहून घ्यावी. डीडीआर४ आणि डीडीआर५ दिसावयास सारख्या, दोन्हींना २८८ टोके, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. एलजीए १७०० चे काही बोर्ड डीडीआर४ चे, काही डीडीआर५ चे येतात. १६ जीबी घ्यावयाची तर एका पट्टीऐवजी आठ-आठच्या दोन घ्याव्यात. कार्ड नसलेला संगणक चित्रासाठीही हीच रॅम वापरतो, आणि दोन पट्ट्यांची जोड असली की त्याचे काम हलके होते. बैलजोडीचेच गणित म्हणा.

साठवणुकीला एसएसडीच घ्यावी. जुनी फिरती हार्ड डिस्क त्याच पैशांत जास्त जागा देते, पण तिच्यावर संगणक सुरू होईतो चहा होतो. ५०० जीबी विद्यार्थ्याला पुरे.

एसएमपीएसविषयी थोडे अधिक लिहितो, कारण सर्वांत जास्त फसवणूक येथे होते. कॅबिनेटबरोबर 'फुकट' मिळणाऱ्या एसएमपीएसवर ४५० वॅट असे ठसठशीत छापलेले असते. त्यावर विसंबू नये. मोटरीच्या पाटीवर ५ एचपी लिहिले म्हणून ती तेवढे पाणी ओढतेच असे नाही, हे ज्याने भुरटी मोटर घेतली आहे त्याला सांगावयास नको. एसएमपीएसच्या बाजूला एक तक्ता असतो. त्यात १२ व्होल्टच्या रकान्याखाली किती अँपिअर आहेत ते पाहावे आणि १२ ने गुणावे. मला दाखवलेल्या फुकट डब्यावर १६ अँपिअर होते; बारा सोळा एकशे ब्याण्णव. म्हणजे नाव ४५० चे आणि प्रोसेसरच्या कामाची खरी ताकद १९२ वॅटची. आमचा संगणक तेवढ्यावर चाललाही असता, पण जो छापील आकड्यात मारतो तो आतील मालात काय करीत असेल? असा एसएमपीएस जळताना बोर्ड व प्रोसेसरही बरोबर नेऊ शकतो. आम्ही '८० प्लस ब्रॉन्झ' शिक्का असलेला वेगळा घेतला. त्याची भरपाई कॅबिनेटमध्ये केली. रंगीत दिवे आणि काच नसलेले, साधे पत्र्याचे घेतले. खेड्यात काचेपेक्षा जाळी मोलाची. मागच्या बाजूला पट्ट्या काढलेल्या फटी राहिल्या तर त्या बुजवून घ्या; उबेला पाल आत जाते आणि तिच्यापायी बोर्ड जातो.

विजेचे पाहिल्याशिवाय बटण दाबू नये. आमच्याकडे दाब कधी १८० तर कधी २५० पर्यंत जातो. ६०० व्हीएचा यूपीएस घेतला. व्हीए म्हणजे वॅट नव्हेत, अशा यूपीएसवर साधारणपणे ३६० वॅट एवढाच भार चालतो. संगणक व मॉनिटरला ते पुरते. वीज गेल्यावर काम जतन करून नीट बंद करण्याइतका वेळ मिळाला की झाले. त्यावर अभ्यास करीत बसावयाचे नसते. आणि अर्थिंग! कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखे झाले तर संगणकाला दोष देऊ नका, वायरमनला बोलवा. आमच्या घराची तीन पिनांची भोके होती, पण तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. खड्डा घेऊन कोळसा-मीठ घालून अर्थिंग केले तेव्हा मुंग्या थांबल्या. वहिनींनी हौसेने लोकरीचे विणलेले आच्छादन घातले होते. संगणक चालू असताना ते काढून ठेवण्याचे मात्र त्यांना समजावून सांगावे लागले.

जुना संगणक घेऊ की नको, असे पुष्कळ जण विचारतात. कार्यालयांतून काढलेले यंत्र स्वस्त मिळते व टायपिंगला, सातबारा पाहावयाला चांगले चालते. पण विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते, आणि विंडोज १० ची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. शिवाय अशा काही यंत्रांतील एसएमपीएस व बोर्ड वेगळ्याच मापाचे असतात. बाजारातला दुसरा बसत नाही. आमच्या पुतणीने लिनक्स ही मोफत प्रणाली घातली. तिच्यावर मराठी टायपिंगही होते, आणि विंडोजचे पैसे वाचले.

प्रत्येक भागाचे जीएसटीसह पक्के बिल घ्या, खोकी वर्षभर तरी टाकू नका. बिनबिलाचा माल थोडा स्वस्त पडतो, पण वॉरंटीच्या वेळी हातात काही राहत नाही.

तो संगणक अजून त्याच ओसरीवर आहे. पुतणी आता शेवटच्या वर्षाला आहे. तिला रॅम दुप्पट करावयाची आहे, पण २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव एकाएकी चढले. दुकानदाराने सांगितलेला आकडा ऐकून दादा म्हणाले, "हे तर आपल्या कांद्यासारखेच की." मग डबा उघडून त्यांनी आतले पैसे मोजले आणि पुन्हा झाकण लावले.