मोहोर पुष्कळ, फळ थोडे : हापूसच्या झाडाखाली वनस्पतिशास्त्राचा पाठ

पौष-माघाच्या थंडीत रत्नागिरी जिल्ह्यातील आंबराया मोहोराने भरून येतात. पावसपासून जयगडपर्यंतच्या किनारपट्टीवर आणि आत राजापूर-संगमेश्वरच्या डोंगरउतारांवर मोहोराचा वास दरवळू लागला की बागाईतदाराच्या मनात हिशेब सुरू होतो. कित्येकजण मोहोर पाहूनच बागेचा करार करतात, व्यापाऱ्याकडून उचल घेतात, आणि त्या बळावर मुलीच्या लग्नाची किंवा घराच्या कौलांची तजवीज करतात. पुढे फाल्गुन उजाडतो, झाडाखाली वाळलेल्या फुलांचा आणि वाटाण्याएवढ्या फळांचा सडा पडतो, आणि मग कोणी दैवाला, कोणी हवामानाला, तर कोणी औषधाला बोल लावतो.

या गळीत काही भाग निसर्गाचा नेहमीचा व्यवहार असतो, तर काही भाग माणसाच्या हातचा असतो. दोहोंतील भेद ओळखावयाचा तर झाडाचे जीवन समजून घेतले पाहिजे. कृषिविषयक परीक्षेस बसणारे विद्यार्थी मूळ, खोड, पान, फूल, फळ आणि बी ही सहा प्रकरणे पुस्तकातून पाठ करतात. तीच सहा प्रकरणे दारच्या आंब्याखाली उभे राहून वाचली, तर परीक्षेसही उपयोगी पडतात आणि बागेसही.

मूळ, खोड आणि पान

आंबा हे झाड काजूच्या कुळातील आहे. बिब्बा, चारोळी आणि आंबाडा हेही याच कुळातले. रत्नागिरीचा कातळ म्हणजे जांभा दगड. पावसाळ्यात येथे तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. परंतु ते पाणी जांभ्यातून झिरपून किंवा उतारावरून वाहून निघून जाते, आणि ऑक्टोबरपासून जूनपर्यंत झाडाला जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर निर्वाह करावा लागतो. आंब्याचे सोटमूळ खोल जाते, दगडाच्या फटींतून वाट काढते, म्हणूनच हे झाड येथे तग धरते. कातळात सुरुंग लावून खड्डे घेणारा शेतकरी मुळांना हीच वाट करून देत असतो.

मुळांनी शोषलेले पाणी व क्षार खोडातील जलवाहिन्यांतून वर चढतात. पानांत हरितद्रव्य असते. ते सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने पाणी आणि हवेतील कर्बवायू यांपासून साखर तयार करते, आणि प्राणवायू बाहेर पडतो. यासच प्रकाशसंश्लेषण म्हणतात. तयार झालेली साखर रसवाहिन्यांतून झाडाच्या सर्व भागांस पोहोचते व शिल्लक राहिलेली पिष्टाच्या रूपाने फांद्यांत आणि मुळांत साठविली जाते. झाडाचा हा साठा म्हणजे घरातील भाताची कणगीच होय. कणगी भरलेली असेल तरच पुढील हंगामात मोहोराचा व फळांचा खर्च झाडाला झेपतो.

आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते. या वेळी तिच्यात हरितद्रव्य थोडे असल्याने ती स्वतःपुरतेही अन्न पुरेसे करू शकत नाही; उलट जुन्या पानांचा साठा खाते. पाने गर्द हिरवी व जाड झाली म्हणजे ती कमावती होतात. ही बाब ध्यानात ठेवावी, कारण मोहोराचे रहस्य तिच्यातच आहे.

पालवी की मोहोर?

फांदीच्या टोकाला जो डोळा असतो, त्यातून पालवी निघेल की मोहोर, हे आधी ठरलेले नसते. पावसाळा संपून जमीन कोरडी होऊ लागली, फांदी जून झाली आणि रात्रीची थंडी पडली की त्या डोळ्यातून मोहोर येतो. पाऊस लांबला अथवा हवा उबदार राहिली तर त्याच डोळ्यातून पालवी फुटते. ती जून होईपर्यंत मोहोर लांबणीवर पडतो. मोहोर येण्याच्या दिवसांत पाणी देऊ नये असे सांगितले जाते, त्यामागील कारण हेच.

हापूस एका वर्षी भरपूर फळ देतो आणि पुढील वर्षी हात आखडतो, हा सर्वांचाच अनुभव आहे. ज्या फांदीने फळ पोसले तिची कणगी रिकामी झालेली असते. शिवाय वाढत्या बीजातून निघणारी जिब्रेलिन नावाची संजीवके नव्या मोहोरास अटकाव करतात. पॅक्लोब्युट्राझोल हे औषध झाडात जिब्रेलिन तयार होण्याच्या क्रियेस आळा घालते व त्यामुळे मोहोर येण्यास मदत होते. परंतु औषध म्हणजे अन्न नव्हे. ते मोहोराचा दरवाजा उघडते, कणगी भरत नाही. ज्या झाडास खत मिळालेले नाही किंवा जे अद्याप लहान आहे, त्यावर त्याचा प्रयोग केल्यास झाड खचते. म्हणून विद्यापीठाने सांगितलेली मात्रा, वेळ व झाडाचे वय यांचे बंधन पाळलेच पाहिजे.

एका फुलाची रचना

मोहोराच्या एका तुऱ्यावर शेकडो, कित्येकदा हजारोंनी फुले असतात. पण ती सर्व सारखी नसतात. काही नरफुले असतात, तर काही उभयलिंगी. फळ धरण्याची शक्ती फक्त उभयलिंगी फुलात असते. हापूसच्या तुऱ्यावर नरफुलांची संख्या फार मोठी आणि उभयलिंगी फुलांची थोडी असते. म्हणजे ज्या मोहोरावर हिशेब मांडला जातो, त्यातील बहुतेक फुले मुळातच फळ देणारी नसतात.

ही पारख करणे अवघड नाही. साध्या भिंगातून फूल पाहावे. पाच निदले, पाच पाकळ्या आणि पाच पुंकेसर दिसतात. परंतु या पाचांपैकी बहुधा एकच पुंकेसर पराग देणारा असतो व उरलेले खुरटे असतात. फुलाच्या मध्यभागी हिरवट-पिवळा गोल दाणा दिसला तर तो बीजांडकोश होय, आणि ते फूल उभयलिंगी. दाणा नसेल तर ते नरफूल. बीजांडकोशात एकच बीजांड असते, म्हणून आंब्यात एकच कोय सापडते.

परागीकरण आणि बागेचे चुकते गणित

परागकण कुक्षीवर पडणे म्हणजे परागीकरण. तेथे तो रुजतो, त्याची नळी बीजांडापर्यंत उतरते आणि नर व मादी पेशींचा संयोग होतो. हे फलन होय. आंब्याचा पराग चिकट असल्याने वाऱ्याने फारसा वाहून जात नाही. तो नेण्याचे काम निरनिराळ्या माश्या, मधमाश्या आणि इतर लहान कीटक करतात. बागेत मोहोरावर घोंघावणारी साधी माशी बागाईतदाराची बिनपगारी मजूर आहे.

तुडतुडे व भुरी यांपासून मोहोर वाचविण्यासाठी फवारणी करावी लागते, हे खरे. तुडतुडे मोहोराचा रस शोषतात, आणि दुर्लक्ष झाले तर तुरेच्या तुरे वाळून जातात. तथापि मोहोर पूर्ण उमलला असताना कीटकनाशक मारले तर तुडतुड्यांबरोबर पराग वाहणारे कीटकही मरतात. मोहोर निरोगी दिसतो, पण फळ धरत नाही. म्हणून पालवीवर व मोहोर फुटण्याच्या सुमारासच लक्ष ठेवून वेळापत्रकाप्रमाणे फवारणी करावी, आणि फुले उमललेली असताना ती शक्यतो टाळावी.

दुसरी गोष्ट जातींची. हापूसला स्वतःच्या परागापासून फळधारणा कमी होते. दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर ती सुधारते. जुन्या बागांत आसपास रायवळ झाडे असत, त्यामुळे हे काम न सांगता होत असे. रायवळ तोडून केवळ हापूसच लावलेल्या बागेत पराग देणारा शेजारी उरत नाही. यासाठी हापूसच्या बागेत केसर, रत्ना, सिंधू किंवा गोवा मानकूर यांची काही झाडे मधून मधून असावीत.

येथे अनेक शेतकरी शंका काढतात की, केसरचा पराग पडल्यास हापूसची चव बिघडेल. ही भीती निराधार आहे. फलनानंतर बीजांडाचे बी होते व बीजांडकोशाचे फळ होते. साल व गर ही बीजांडकोशाच्या भिंतीपासून, म्हणजे मातृवृक्षाच्याच शरीरापासून बनतात. मिश्रण होते ते केवळ बियातील गर्भात. हापूसच्या झाडावरील आंबा हापूसच राहतो.

फळगळ

फलन न झालेली फुले गळतात. फलन होऊनही पहिल्या काही आठवड्यांत पुष्कळ बाळकैऱ्या गळतात, कारण एका तुऱ्यावरील सर्व फळे पोसण्याइतके अन्न झाडापाशी नसते. शंभर उभयलिंगी फुलांमागे एकही फळ शेवटपर्यंत न टिकणे ही आंब्यात सामान्य गोष्ट आहे. ही गळ पाहून घाबरू नये.

मात्र पाण्याचा ताण, भुरी, करपा व अवेळी पाऊस यांमुळे होणारी गळ निराळी. फेब्रुवारीत पुन्हा कडक थंडी पडली तर फळे धरलेल्या फांदीवर दुसऱ्यांदा मोहोर येतो. हा पुनर्मोहोर अन्न स्वतःकडे ओढतो व आधीची फळे गळून पडतात. फळे वाटाण्याएवढी झाल्यावर सोय असेल तेथे पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी द्यावे आणि बुंध्याभोवती गवताचे आच्छादन करावे. मोहोराच्या वेळी वर्ज्य असलेले पाणी आता उपकारक ठरते. कारण झाडाची अवस्था पालटलेली असते.

फळ, कोय आणि कलम

आंबा हे अश्मगर्भी फळ आहे. बाहेरची साल, मधला गर व आतील कठीण कवच हे फळाच्या भिंतीचे तीन थर असून खरे बी त्या कवचाच्या आत असते. म्हणून कोय म्हणजे केवळ बी, असे उत्तर परीक्षेत लिहिल्यास ते अपुरे ठरते. नारळही याच प्रकारचे फळ होय. आंब्याचा मधला थर आपण खातो, नारळाच्या मधल्या थराचा काथ्या वळतो. काजूचे बोंड मात्र फळ नसून फुगलेला देठ आहे. त्याच्या टोकाची बी हेच काजूचे खरे फळ.

कोयीतील गर्भात परक्या परागाचा वाटा असल्याने हापूसची कोय लावून हापूस मिळत नाही. यासाठी कलम करावे लागते. पावसाळ्याच्या आरंभी रायवळाच्या कोयी रुजत घालतात. तांबूस कोंब वर आला की तो कापून त्यावर हापूसची जून काडी पाचरीसारखी बसवितात. यालाच कोय कलम म्हणतात. साल आणि लाकूड यांच्या मध्ये विभाजी ऊतीचा पातळ थर असतो. दोन्हीकडील हे थर एकमेकांस भिडले तरच नव्या पेशी तयार होऊन वाहिन्या जोडल्या जातात. बांधणी सैल राहिली अथवा सुरी बोथट असली तर कलम मरते.

परागाच्या मिश्रणाचा लाभ मात्र संशोधकांनी घेतला आहे. वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्रात नीलम व हापूस यांच्या संकरातून १९८१ साली रत्ना ही जात प्रसारित झाली. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून १९९२ साली पातळ कोयीची सिंधू आली. हे केंद्र १९७२ साली दापोली येथे स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कक्षेत येते.

रत्ना जातीत साका आढळत नाही, हा तिचा मोठा गुण. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या हापूसच्या आत गर पांढरट, आंबट व भुसभुशीत निघतो, तो साका. फळातील बी पिकण्यापूर्वीच रुजण्याची तयारी करू लागते व त्याचा परिणाम गरावर होतो, असे संशोधनातून दिसून आले आहे; तापलेल्या जमिनीची धगही त्यास कारण होते. झाडावर पाड लागेपर्यंत थांबल्यास साका वाढतो. म्हणून फळ चौदा आणे तयार होताच देठासह उतरवावे. पेंढ्याच्या आढीत ठेवलेले फळ श्वसन करीत असते व स्वतःच इथिलीन वायू सोडते. त्या वायूने पिष्टाची साखर होऊन फळ पिकते. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळ पिकविण्यास कायद्याने बंदी आहे, आणि आढी लावणाऱ्यास त्याची गरजही नाही.

झाडाखालची परीक्षा

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी माघात एका सकाळी चार बागाईतदार आणि शाळेतील मुले यांना बागेत एकत्र आणावे, हाती भिंग द्यावे व एका तुऱ्यावरील नर आणि उभयलिंगी फुले वेगळी मोजण्यास सांगावे. त्यानंतर पुढील प्रश्न विचारावेत :

१. तांबूस पालवी असलेल्या फांदीवर मोहोर का येत नाही?
२. उमललेल्या मोहोरावर कीटकनाशक मारल्यास फळ कमी का धरते?
३. शेजारी केसर असताना हापूसची चव का बदलत नाही, पण कोयीचे झाड का बदलते?
४. मोहोराच्या वेळी पाणी वर्ज्य, तर फळ धरल्यावर उपकारक का?

ज्याला ही उत्तरे कारणासह देता येतील, तो विद्यार्थी परीक्षेत मागे पडणार नाही. आणि जो बागाईतदार ती जाणतो, तो मोहोर पाहून उचल घेणार नाही. फळे सुपारीएवढी होऊन झाडावर टिकलेली मोजील, आणि मगच कराराच्या कागदावर सही करील.