विश्लेषण : परराज्यातील जुनी नौका स्वस्त, पण परवान्याचे काय?

मासेमारीचा हंगाम संपत आला की कोकणच्या बंदरांवर जुन्या नौकांचे सौदे सुरू होतात. वेरावळ, पोरबंदर, मलपी, मंगळुरू येथील ट्रॉलरचे फोटो आणि व्हिडीओ मोबाइलवर फिरू लागतात. तेवढ्याच लांबीची नौका मिरकरवाडा, हर्णै किंवा करंजा येथे घ्यायची तर काही लाख जास्त मोजावे लागतात, असे दिसले की खरेदीदार साहजिकच गुजरात किंवा कर्नाटकची वाट धरतो. मात्र नौका समुद्रातून दोन दिवसांत येते, तिचे कागद तितक्या सहज येत नाहीत. परराज्यातून नौका घेणे केव्हा परवडते आणि केव्हा अंगलट येते, याचा हा आढावा.

परराज्यातील नौका स्वस्त का मिळते?

पहिले कारण संख्येचे. गुजरातमध्ये वेरावळ, पोरबंदर, मांगरोळ या बंदरांत यांत्रिक नौकांचे मोठे ताफे आहेत आणि नौकाबांधणीचा व्यवसायही तेथेच रुजलेला आहे. नव्या नौका उतरतात तशा जुन्या विक्रीला निघतात. दक्षिणेकडे मलपी-मंगळुरू पट्ट्यात खोल समुद्रात जाणाऱ्या मोठ्या पोलादी नौका आल्या, त्यामुळे जुन्या लाकडी नौकांना तेथे पूर्वीसारखा भाव राहत नाही. विकणारे जास्त असले की घासाघीस करता येते.

दुसरे कारण कमी बोलले जाते. नौकेची किंमत म्हणजे केवळ लाकूड, फायबर आणि इंजिनाची किंमत नव्हे. ज्या नौकेवर त्याच राज्यातील चालू परवाना, डिझेल कोट्यातील नाव आणि बंदरातील जागा आहे, तिची किंमत त्या सगळ्यासह ठरते. परराज्यातील नौका घेताना यातले काहीच सोबत येत नाही. स्वस्ताईचा मोठा भाग तेथेच आहे.

नौका सीमा ओलांडते, परवाना का नाही?

मासेमारी नौकेला दोन वेगळे कागद लागतात. एक नोंदणी आणि दुसरा मासेमारी परवाना. नोंदणी केंद्राच्या व्यापारी नौवहन कायद्यानुसार होते आणि ‘रिअलक्राफ्ट’ या राष्ट्रीय ऑनलाइन प्रणालीत तिची नोंद असते. नौकेवर रंगवलेल्या क्रमांकात राज्याचे संक्षिप्त नाव येते. महाराष्ट्राच्या नौकेवर ‘एमएच’, गुजरातच्या नौकेवर ‘जीजे’, तर कर्नाटकच्या नौकेवर ‘केए’.

परवाना मात्र राज्याचा असतो. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच्या पाण्यातील मासेमारीचे नियमन राज्य करते. महाराष्ट्रात त्यासाठी १९८१ चा सागरी मासेमारी नियमन अधिनियम आहे, कर्नाटकात १९८६ चा कायदा, तर गुजरातमध्ये २००३ चा. गुजरातच्या परवान्यावर महाराष्ट्राच्या जलधि क्षेत्रात जाळे टाकता येत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून दंडाच्या रकमा लाखांच्या घरात नेल्या आणि कारवाईचे अधिकार मत्स्यव्यवसाय विभागाच्या अधिकाऱ्यांकडे दिले. सिंधुदुर्गात कर्नाटकच्या वेगवान ट्रॉलरविरोधात पारंपरिक मच्छीमारांचा रोष वर्षानुवर्षे आहे. अशा किनाऱ्यावर ‘केए’ क्रमांकाची नौका घेऊन फिरणाऱ्या मालवणच्या मालकाकडेही परराज्यातील घुसखोर म्हणूनच पाहिले जाणार.

कोणती नौका आणूनही उपयोग नाही?

सर्वांत मोठी फसगत पर्ससीन नौकेत होते. महाराष्ट्राने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने नवे पर्ससीन परवाने देणे थांबवले आणि असलेल्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे ठरवले. गोवा किंवा कर्नाटकातून जाळ्यासह पर्ससीन नौका कितीही स्वस्त मिळाली तरी येथे तिच्यासाठी नवा परवाना मिळेल, असे गृहीत धरणे महागात पडते.

दुसरा प्रकार प्रखर दिव्यांच्या नौकेचा. एलईडी दिवे लावून मासेमारी करण्यावर आणि दोन नौकांनी मिळून जाळे ओढण्यावर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली. त्यामुळे ‘जनरेटर आणि लाइट सेट फुकट’ अशी जाहिरात असलेली नौका म्हणजे ओढवून घेतलेली कारवाई.

तिसरा प्रश्न पाण्याच्या खोलीचा. मलपीची मोठी पोलादी नौका बुडीत भागाने खोल असते. कोकणातील अनेक बंदरांत आणि खाड्यांच्या मुखाशी गाळ साचलेला आहे. भरतीची वाट पाहत नौका बाहेर उभी ठेवावी लागली तर मासळी उशिरा पोहोचते, बर्फ वितळतो आणि लिलावात भाव पडतो. नौका आपल्या बंदरात ओहोटीलाही शिरेल का, हे किमतीआधी पाहायला हवे.

सौदा करण्यापूर्वी कोणते कागद पाहावेत?

पहिली पायरी परराज्यात नव्हे, तर आपल्याच जिल्ह्यात आहे. नौकेची लांबी, बांधणीचे साल, इंजिनाची अश्वशक्ती आणि मासेमारीचा प्रकार लिहून सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्या कार्यालयात अर्ज द्यावा आणि अशा नौकेला येथे नोंदणी व परवाना मिळेल का, याचे लेखी उत्तर घ्यावे. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर विसार देऊ नये.

त्यानंतर विकणाऱ्याकडून मूळ नोंदणी प्रमाणपत्र, चालू परवाना, विम्याचे कागद, इंजिनाचे बिल आणि ओळखपत्र पाहावे. प्रमाणपत्रावरील लांबी-रुंदी आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष नौकेशी जुळवून पाहावा. इंजिन मधल्या काळात बदललेले असते आणि नोंद जुनीच असते, हा प्रकार सर्रास आढळतो. नौकेवर बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा सावकाराचे कर्ज असेल तर बोजा उतरल्याचा दाखला हवा. तेथील मत्स्यव्यवसाय विभागाचा ना हरकत दाखला आणि त्या राज्यातील नोंद हलवण्याची प्रक्रिया विकणाऱ्याने पूर्ण करून द्यायची, ही अट करारातच लिहावी. नौकेवर दंड किंवा खटला प्रलंबित नाही, हेही प्रतिज्ञापत्रावर घ्यावे.

पैसे टप्प्याने द्यावेत. विसार, मग ना हरकत दाखल्यानंतर दुसरा हप्ता आणि नोंदणी नावावर झाल्यावर उरलेली रक्कम. सगळी रक्कम एकदम आणि तीही रोख मागणाऱ्या विक्रेत्यापासून दूर राहिलेले बरे.

कागद जुन्या मालकाच्या नावावर ठेवले तर काय होते?

दलाल अनेकदा हाच मार्ग सुचवतात. शंभर रुपयांच्या कागदावर लिहून घ्या, नौका चालवा, नावाचे नंतर पाहू. यात खरा धोका समुद्रात अपघात झाल्यावर कळतो. नौका बुडाली तर विम्याची भरपाई ज्याच्या नावावर पॉलिसी आहे त्याला. खलाशी दगावला तर त्याच्या घरच्यांनी भरपाई कोणाकडे मागायची, हा वाद उभा राहतो. नौका एका राज्याची, मालक दुसऱ्या राज्याचा आणि खलाशी तिसऱ्या ठिकाणचा असेल तर मृत्यूच्या भरपाईचा दावा पहिल्या दिवसापासून अडकतो.

सुरक्षेचा मुद्दाही तितकाच गंभीर. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील दहशतवादी पोरबंदरचा ‘कुबेर’ हा ट्रॉलर ताब्यात घेऊन मुंबईजवळ आले होते. त्यानंतर नौकांची नोंदणी, राज्यनिहाय रंग, मच्छीमारांची ओळखपत्रे आणि बंदरातील ये-जा यांवर नजर कडक झाली. क्रमांक एका राज्याचा आणि चालवणारे दुसऱ्याच राज्यातील, अशी नौका तटरक्षक दल किंवा सागरी पोलिसांनी अडवली तर हंगामातील दिवस चौकशीतच जातात. ऑगस्ट २०२४ मध्ये पालघर येथून नौकांवर ट्रान्सपाँडर बसवण्याच्या राष्ट्रीय योजनेची सुरुवात झाली. एक लाख नौकांसाठीची ही यंत्रणा वादळाचा इशारा देते आणि संकटात मदत मागण्यास उपयोगी पडते. त्या यंत्रावरील नोंद जुन्या मालकाची राहिली तर शोध घेणारे फोनही त्याच्याच घरी करणार.

प्रत्यक्ष हिशेब कसा मांडावा?

समजा, रत्नागिरीत ३५ लाखांना मिळणारा ट्रॉलर वेरावळला २८ लाखांना मिळतो. फरक सात लाखांचा. मिस्त्री आणि जाणकार तांडेल यांना घेऊन दोन फेऱ्या मारण्याचे ४० हजार धरा. वेरावळ ते रत्नागिरी हे अंतर समुद्रमार्गे सुमारे २८५ सागरी मैल आहे. ताशी सात-आठ मैलांनी ३६ ते ४० तास लागतात. डिझेल, खलाशांची मजुरी आणि वाटेतील किरकोळ दुरुस्ती मिळून एक लाख धरा. रंग, क्रमांक आणि यंत्रणा पुन्हा बसवणे ५० हजार. येथील मासेमारीप्रमाणे जाळी आणि विंच बदलणे दोन लाख. एकूण तीन लाख ९० हजार गेले, उरले तीन लाख १० हजार.

आता परवाना यायला हंगामातील दोन महिने लागले असे समजा. कर्जाचा हप्ता महिना ६० हजार असेल तर एक लाख २० हजार. खलाशांना उचल दिलेली असते, त्यांचा पगार आणि जेवणखाण थांबत नाही. त्याचे दोन लाख. फरक संपला आणि वर दहा हजारांचा भुर्दंड बसला. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, प्रत्येकाचे वेगळे असतील. मात्र बांधून ठेवलेल्या नौकेचा खर्च या वहीत आलाच पाहिजे. कारण पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि ऑगस्टनंतरचे पहिले महिनेच कमाईचे असतात.

याउलट कागद बंदीच्या दोन महिन्यांत पूर्ण झाले आणि नौका १ ऑगस्टला समुद्रात गेली, तर तीन लाखांची बचत खरी ठरते. म्हणजे परराज्यातील सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे बऱ्याच अंशी तारखेवर ठरते.

नौकेची तपासणी कधी आणि कशी करावी?

पाण्यात उभी असलेली नौका अर्धीच दिसते, तर किनाऱ्यावर ओढलेल्या नौकेचे इंजिन भाराखाली चालवता येत नाही. म्हणून दोन तपासण्या हव्यात. मेअखेरीपूर्वी समुद्रात जाऊन इंजिन तास-दोन तास पूर्ण जोर देऊन चालवावे. धुराचा रंग, तेलाचा दाब, पाण्याचे तापमान आणि गिअरबॉक्सचा आवाज पाहावा. मग नौका बंदीत ओढली की शाकारणी होण्याआधी तळ तपासावा.

लाकडी नौकेत पाण्याखालच्या फळ्या सागरी किडा आतून पोखरतो. बाहेरून रंग चकचकीत असतो आणि टोकदार सळई टोचली की ती आत जाते. लाकडावर फायबरचा थर दिलेल्या नौकेत थर आणि लाकूड यांच्यामध्ये पाणी शिरलेले असू शकते. हातोडीने हलके ठोकत गेले की पोकळ आवाज येतो. पोलादी नौकेत पत्र्याची जाडी यंत्राने मोजून घ्यावी. शाफ्ट, पंखा, सुकाणू आणि बर्फाच्या खणाखालचा भाग येथे दोष लपतात. ताज्या रंगाची नौका पाहिली की जास्त बारकाईने पाहावे, हा जुन्या मिस्त्रींचा नियम उगाच नाही.

स्थानिक नौका म्हणजे निर्धोक का?

तसेही नाही. मालक बदलला की परवाना आपोआप बदलत नाही. तो रीतसर नावावर करून घ्यावा लागतो. राज्यातील अनेक नौका राष्ट्रीय सहकार विकास निगमाच्या कर्जातून, सहकारी संस्थांमार्फत उभ्या राहिल्या आणि त्यांपैकी काहींची थकबाकी राहिली. अशी नौका घेतली तर वसुलीची नोटीस नव्या मालकाच्या दारात येऊ शकते. संस्थेचा ना देय दाखला येथेही तितकाच गरजेचा. डिझेलवरील कराच्या परताव्यासाठी संस्थेचे सभासदत्व आणि चालू परवाना लागतो. इंजिनाची क्षमता त्या वर्षीच्या निकषात बसते का, हेही आधी विचारावे.

स्थानिक नौकेचा मोठा फायदा असा, की तिचा इतिहास लपत नाही. ती कधी खडकाला लागली, इंजिन कोणी उघडले, मालक का विकतो आहे, हे बंदरावरचा मिस्त्री, बर्फवाला आणि जुना तांडेल सांगू शकतो. वेरावळ किंवा मलपीला ही माहिती दलालाकडूनच मिळते आणि त्याची दलाली सौदा झाल्यावरच हातात पडते.

मग निर्णय कसा घ्यावा?

आधी परवान्याचे लेखी उत्तर, मग कर्जाची मंजुरी, त्यानंतर नौकेची तपासणी आणि शेवटी किमतीची बोलणी, हा क्रम ठेवावा. बहुतेक फसगती हा क्रम उलटा झाल्याने होतात. नव्या नौकेचा पर्यायही एकदा तपासावा. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत खोल समुद्रातील नव्या नौकेचा खर्च एक कोटी २० लाख रुपये धरून सर्वसाधारण गटाला ४० टक्के, तर महिला, अनुसूचित जाती व जमातींना ६० टक्के अर्थसाहाय्याची तरतूद केलेली आहे. जुनी नौका घेणाऱ्या गटाने एकत्र येऊन हा हिशेब मांडून पाहण्यास हरकत नाही.

गुजरातची किंवा कर्नाटकची नौका मुळातच वाईट असते असे नाही. बंदीच्या आधी तपासलेली, बोजा नसलेली आणि जिच्या परवान्याचा होकार हातात आहे, अशी नौका आणायला हरकत नाही. यातली एक गोष्ट कमी असेल, तर आपल्या बंदरातील थोडी महाग नौकाच शेवटी स्वस्त पडते.