डिरेक्टरी सर्व्हरमधील प्रतिकृती-संघर्ष व त्याचे निराकरण

महाविद्यालयातील अध्यापक, कर्मचारी व विद्यार्थी यांची संगणकीय ओळख सामान्यतः एका मध्यवर्ती नामसूचीत नोंदविलेली असते. एलडॅप प्रोटोकॉलनुसार चालणारी अशी सूची सांभाळणारी प्रणाली म्हणजे डिरेक्टरी सर्व्हर होय. एक यंत्र बंद पडल्यास काम अडू नये म्हणून ही सूची अनेक सर्व्हरवर ठेवली जाते. प्रत्येक सर्व्हरवर लेखनाची मुभा असेल, तर तेथील बदल नंतर इतरांकडे पाठविले जातात. प्रतिकृती-संघर्षाचे मूळ या मुभेत आहे.

समजा, दोन संकुलांमधील जोडणी काही तास खंडित आहे. एका ठिकाणी सुनीता जोशी यांचे, तर दुसरीकडे संजय जोशी यांचे खाते ‘एसजोशी’ याच नावाने उघडले गेले. जोडणी पूर्ववत होताच एकाच नावाच्या दोन नोंदी समोरासमोर येतात. सर्व्हर काम थांबवीत नाही. तो एका नोंदीला मूळ नाव देतो आणि दुसरीच्या नावात तिचा अद्वितीय ओळख-क्रमांक घालतो.

मूळ नाव कोणाला मिळावे, याचे उत्तर मात्र प्रणालीगणिक बदलते. ३८९ डिरेक्टरी सर्व्हरमध्ये (एलडॅपच्या पोर्ट-क्रमांकावरून हे नाव पडले) आधी निर्माण झालेली नोंद नाव राखते. मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत नंतरची नोंद नाव राखते व आधीच्या नोंदीच्या नावात ‘सीएनएफ’ ही खूण येते. दोन्ही नियम परस्परविरुद्ध असूनही तांत्रिकदृष्ट्या निर्दोष आहेत. कारण सर्व प्रतींचे एकमत व्हावे, एवढाच त्यांचा हेतू आहे. खरा हक्कदार कोण, हे त्यांना ठाऊक नसते.

तो निर्णय प्रशासकानेच घ्यावयाचा असतो. व्यक्ती भिन्न असतील, तर एका नोंदीस नवे नाव देऊन दोन्ही राखाव्यात. एकाच व्यक्तीची नोंद दोनदा झाली असेल, तर दोहोंतील माहिती ताडून, आवश्यक ती राखावयाच्या नोंदीत घेऊन मगच दुसरी काढावी. येथे घाई महागात पडते. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत फायलींवरील अधिकार नावाशी नव्हे, तर नोंदीच्या सुरक्षा-क्रमांकाशी बांधलेले असतात. चुकीची नोंद काढल्यास नाव शिल्लक राहते, अधिकार जातात. दुरुस्तीपूर्वी प्रतिकृतीकरण सुरळीत असल्याची खात्री करावी व दुरुस्ती एकाच सर्व्हरवर करावी, अन्यथा दुरुस्तीतूनच नवा संघर्ष उद्भवतो. ३८९ च्या अलीकडील आवृत्त्यांत संघर्षग्रस्त नोंदी सर्वसाधारण शोधात दिसत नाहीत. त्या मुद्दाम शोधाव्या लागतात.

काही संघर्ष तर नोंदीच्या नावातही खूण ठेवीत नाहीत. विंडोज २००० मध्ये गटाची सदस्ययादी एकसंध मूल्य म्हणून पाठविली जाई. दोन प्रशासकांनी एकाच सुमारास दोन सर्व्हरवर भिन्न सदस्य जोडल्यास एकाची भर नकळत पुसली जाई. विंडोज सर्व्हर २००३ पासून प्रत्येक सदस्यत्व स्वतंत्रपणे पाठविण्याची सोय झाली.

नामसंघर्ष टाळण्याचा सर्वांत स्वस्त उपाय प्रशासकीय आहे. लेखनाची मुभा सर्वत्र असली, तरी नवी खाती नेमून दिलेल्या एकाच सर्व्हरवर उघडावीत आणि तो बंद असल्यास शक्यतो थांबावे.