तिसरा माणूस

दोघे बोलतात तोवर सगळं सुरळीत असतं. चित्र स्वच्छ, आवाज खणखणीत. तिसरा आत येतो आणि पडदे काळे पडतात, कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. स्वतःच्या लिनक्स सर्व्हरवर जित्सी मीट हा व्हिडिओ-बैठकींचा प्रोग्रॅम बसवणाऱ्या अनेकांना हा अनुभव येतो. मला दोनदा आला, आणि दोन्ही वेळा मी आधी कॅमेऱ्यांना दोष दिला.

दोष कॅमेऱ्यांचा नव्हता. खोलीत दोघेच असले तर जित्सी त्यांचे ब्राउझर शक्यतो थेट एकमेकांशी जोडून देतं आणि स्वतः बाजूला होतं. तिसरा आला की ती वाट बंद होते आणि सगळ्यांचं चित्र, सगळ्यांचा आवाज 'व्हिडिओब्रिज' नावाच्या प्रोग्रॅममधून जाऊ लागतो. हा ब्रिज यूडीपीच्या 10000 क्रमांकाच्या पोर्टवर बसलेला असतो. आपण मात्र वेबसाइटच्या सवयीने फायरवॉलमध्ये 80 आणि 443 उघडून निर्धास्त झालेलो असतो. दुसरी मेख राउटरची. सर्व्हर राउटरमागे असला तर कधी कधी त्याला स्वतःचा घरातलाच पत्ता ठाऊक असतो आणि तोच तो पाहुण्यांना देत सुटतो. बाहेरचा पत्ता त्याला आपोआप सापडला नाही तर सेटिंगमध्ये वेगळा सांगावा लागतो. आपल्याकडे घरगुती जोडणीला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता पुष्कळदा मिळतच नाही. म्हणून जुन्या संगणकावर हौस भागवायला निघालेला माणूस शेवटी भाड्याच्या सर्व्हरकडे वळतो.

जित्सीचं मूळ 2003 सालचं. स्ट्रासबुर्ग विद्यापीठात शिकणाऱ्या एमिल इवोव यांनी 'सिप कम्युनिकेटर' नावाचा, संगणकावरून फोन करण्याचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. इवोव मूळचे बल्गेरियाचे. पुढे त्या प्रोग्रॅमला मिळालेलं 'जित्सी' हे नावही बल्गेरियनच, अर्थ 'तारा', म्हणजे विजेच्या. 2015मध्ये अ‍ॅटलासियन कंपनीने आणि 2018मध्ये एट-बाय-एट कंपनीने हा प्रकल्प विकत घेतला. मालक बदलले, तरी कोड अपाची परवान्याखाली खुलाच राहिला.

पण जित्सीची खरी करामत व्हिडिओब्रिजच्या आळसात आहे. जुनी कॉन्फरन्स-यंत्रं प्रत्येकाचं चित्र उलगडायची, सगळ्यांची मिळून गोधडी शिवायची आणि ती पुन्हा आवळून प्रत्येकाला पाठवायची. त्याला दणकट, महाग यंत्र लागे. ब्रिज शिवणकाम करत नाही, टपाल वाटतो. ब्राउझर आपलं चित्र 180, 360 आणि 720 ओळी अशा तीन आकारांपर्यंत पाठवतो. कोणाला कोणता द्यायचा एवढंच ब्रिज ठरवतो. त्यामुळे छोट्या संस्थेला चार कोअर आणि आठ जीबी मेमरी पुरते. भार पडतो तो जाळ्यावर: दहा जण एकमेकांना पाहत असतील तर बाहेर जाणारे प्रवाह नव्वद.

बसवणं मात्र सोपं. डेबियन किंवा उबुंटू, एक डोमेन नाव आणि एक अ‍ॅप्टची आज्ञा. त्या आज्ञेबरोबर निरोपांची ने-आण करणारा प्रोसडी आणि कोण कुठे बसला याची नोंद ठेवणारा मुनीम जिकोफो, हे दोघेही आपसूक येतात. मग एक काम विसरू नये. मूळ मांडणीत पत्ता ठाऊक असलेला कोणीही तुमच्या सर्व्हरवर खोली उघडू शकतो. प्रोसडीत खाती करून ते दार लावावं लागतं. जित्सीच्या स्वतःच्या सार्वजनिक सेवेनेही ऑगस्ट 2023पासून खोली उघडणाऱ्याला लॉगिन सक्तीचं केलं.

रेकॉर्डिंगची तऱ्हा गमतीची आहे. जिब्री नावाचा प्रोग्रॅम एक अदृश्य क्रोम ब्राउझर उघडून बैठकीला हजर राहतो आणि त्याला दिसतं ते टिपून घेतो. इतिवृत्त लिहायला बसलेला कारकूनच तो, पण एका वेळी एकच बैठक सांभाळणारा.

आता टपालवाल्याबद्दल एक गोष्ट. पाकीट वाटेत बंद असतं, पण ब्रिजवर ते उघडून पुन्हा बंद केलं जातं. म्हणजे ब्रिज ज्याच्या ताब्यात, त्याला मनात आणलं तर आत डोकावता येतं. सर्व्हर स्वतःचा असावा असं मला वाटतं ते एवढ्यासाठीच; पैसे वाचतात म्हणून नव्हे, ते फारसे वाचतही नाहीत. टोकापासून टोकापर्यंत कुलूप लावायची सोय जित्सीत 2020पासून आहे. ती सुरू केली की ब्रिजला काही दिसत नाही, आणि बिचाऱ्या जिब्रीलाही नाही.