पाठाची आखणी आणि शिक्षकाची घडण

इयत्ता दुसरीच्या वर्गात शिक्षकांनी 'बावन्न' असे उच्चारले, की काही मुले पाटीवर २५ लिहितात. 'त्रेसष्ट' म्हटले की ३६ उमटतात. 'एकोणसाठ' ऐकून एखादे मूल ६९ लिहिते. अशा मुलांवर 'गणितात कच्चा' असा शिक्का लवकर बसतो आणि तो पुढे सहसा पुसला जात नाही. वास्तविक या चुकीमागे निष्काळजीपणा नसून एक प्रकारचा तर्क असतो. मराठीत एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो. लिहिताना मात्र दशक आधी येतो. 'एकोण' म्हणजे एकाने उणे. तेव्हा 'एकोणसाठ' हे नाव साठाचे, पण संख्या पन्नाशीतली. मूल जसे ऐकते तसेच लिहिते.

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात २०१९ मध्ये 'पन्नास दोन' या धर्तीचे संख्यावाचन आले, तेव्हा या प्रश्नाची राज्यभर चर्चा झाली. संख्यानामे कोणती असावीत याविषयी मतभेद असू शकतात. परंतु घरी-दारी 'बावन्न'च ऐकणाऱ्या मुलाला ती संख्या समजावून देण्याचे काम शेवटी वर्गातील शिक्षकालाच करावयाचे असते, आणि त्यासाठी पाठाची विचारपूर्वक आखणी हाच खरा उपाय होय.

चुकीचा शोध

आखणीचा प्रारंभ पाठ्यपुस्तकाच्या पानापासून न होता मुलाच्या अडचणीपासून व्हावा, हे तिचे पहिले तत्त्व. २५ लिहिणाऱ्या मुलासमोर दहा-दहा काड्यांचे गठ्ठे व सुट्या काड्या ठेवून 'बावन्न मांड' असे सांगावे. त्याने पाच गठ्ठे व दोन काड्या मांडल्या, तर त्याला संख्येचे मूल्य समजले आहे. केवळ लेखनाचा क्रम चुकतो. त्याने दोन गठ्ठे व पाच काड्या मांडल्या, तर दशक-एककाची कल्पना किंवा संख्यानामाचा अर्थच अद्याप पक्का झालेला नाही. वरकरणी चूक एकच. तिची कारणे मात्र वेगळी, म्हणून उपचारही वेगळे.

उद्दिष्ट, अनुभव, मूल्यमापन

दुसरे तत्त्व उद्दिष्टाच्या स्पष्टतेचे. पाठटाचणात 'विद्यार्थ्यास दोन अंकी संख्या समजेल' असे लिहिल्याने शिक्षकाच्या हाती काही लागत नाही. 'संख्या ऐकून विद्यार्थी गठ्ठे व सुट्या काड्या मांडील, ती अंकांत लिहील आणि ५२ व २५ यांपैकी मोठी कोणती हे कारणासह सांगील', असे लिहिल्यास काय पाहावयाचे हे निश्चित होते. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी १९४९ मध्ये अभ्यासक्रमरचनेचे चार प्रश्न मांडले : साध्य काय करावयाचे, त्यासाठी कोणते अनुभव द्यावयाचे, त्यांची संगती कशी लावावयाची आणि साध्य झाले की नाही हे कसे ओळखावयाचे. एका तासिकेच्या पाठालाही हे चारही प्रश्न लागू पडतात.

अनुभवांचा क्रम वस्तूकडून चित्राकडे व चित्राकडून चिन्हाकडे असावा. आधी काड्या, मग गठ्ठ्यांचे चित्र, शेवटी अंक. आणि पाठ संपण्यापूर्वी दोन-तीन संख्या लिहून घेऊन कोणती मुले अजून अडतात हे त्याच दिवशी पाहावे. सत्राअखेरच्या परीक्षेपर्यंत थांबल्यास तीच गोंधळलेली समजूत हातच्याच्या वजाबाकीत जाऊन पोहोचते.

प्रशिक्षणालाही तोच न्याय

शिक्षकांच्या सेवांतर्गत प्रशिक्षणाचा विचार आपल्याकडे नवा नाही. प्रत्येक शिक्षकास दर पाच वर्षांच्या सेवेत किमान दोन ते तीन महिन्यांचे प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. २०२० च्या धोरणाने शिक्षकाच्या व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा ठेवली आहे.

तास ठरले तरी त्या तासांत काय घडते, हा प्रश्न उरतोच. 'मुलांना कृती करू द्या' हा विषय शिक्षकांना दिवसभर व्याख्यानातून सांगितला जातो, तेव्हा प्रशिक्षण स्वतःच आपल्या तत्त्वाचा भंग करते. राज्यस्तरावरून जिल्हा, तालुका व केंद्र अशा पायऱ्या उतरताना मूळ आशय विरळ होत जातो, हीदेखील परिचित अडचण आहे. ब्रूस जॉइस व बेव्हर्ली शॉवर्स या अभ्यासकांनी १९८० मध्ये प्रभावी प्रशिक्षणाचे पाच घटक सांगितले : तत्त्वांची ओळख, दिग्दर्शन, सराव, त्यावरील अभिप्राय आणि प्रत्यक्ष वर्गात मिळणारे सहकाऱ्याचे मार्गदर्शन. यांतील शेवटचा घटकच बहुधा सुटतो.

तो साधण्याची जागा मात्र दूर नाही. केंद्रातील शाळांच्या शिक्षकांची शिक्षण परिषद ही त्यासाठी सोयीची आहे. प्रत्येकाने आपल्या वर्गातील चार-पाच वह्या सोबत आणाव्यात. सर्वांनी मिळून चुकांचे गट पाडावेत, एका चुकीवर एकच पाठ आखावा, एकाने तो वर्गात घ्यावा आणि इतरांनी शिक्षकाकडे न पाहता मुलांकडे पाहावे. कोठे मुले थांबली, कोठे उजळली, हे नोंदवून पाठ सुधारावा. जपानमधील शिक्षक 'पाठ-अभ्यास' या नावाने हेच करीत आले आहेत. त्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. निरीक्षणात दोषारोप नसावा, एवढे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे लागते. तपासणीच्या भीतीने उभा राहिलेला शिक्षक आपली अडचण उघड करीत नाही.

द्विशिक्षकी शाळेत एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकास प्रत्येक पाठाची अशी आखणी करणे शक्य होणार नाही, हे मान्य केले पाहिजे. परंतु महिन्यास एक अवघड घटक सहकाऱ्यांच्या साहाय्याने नीट आखला, तरी वर्षाअखेरीस दहा कसोटीला उतरलेले पाठ त्याच्या पाठटाचणाच्या वहीत जमा होतात आणि ते साऱ्या केंद्राचे होतात. ज्या दिवशी २५ लिहिलेली पाटी पाहून शिक्षक ती पुसण्याआधी 'हे कसे लिहिलेस, सांग पाहू' असे विचारतील, त्या दिवशी प्रशिक्षण वर्गापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.