मद्यवर्ग आणि आजची मद्ये : एक तौलनिक विचार

'बिअर थंड असते, वाइन हृदयाला चांगली, अपाय होतो तो व्हिस्कीनेच,' अशी विधाने चिकित्सालयात आपणा सर्वांच्या कानावर पडतात. अशा वेळी केवळ निषेध करून भागत नाही. सकारण उत्तर द्यावे लागते. त्या दृष्टीने संहितोक्त मद्यवर्ग व प्रचलित मद्ये यांचा संक्षेपाने विचार करू.

योनिभेद : चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या २५ व्या अध्यायात आसवांच्या नऊ योनी व ८४ प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी फलासव २६, सारासव २०, तर धान्यासव ६ आहेत. द्रव्यभेदाने गुणभेद होतो, हे त्यामागील तत्त्व होय. द्राक्षांपासून सिद्ध होणारे मार्द्वीक अविदाही व मधुर असल्याने सुश्रुताचार्यांनी रक्तपित्तातही ते निषिद्ध मानलेले नाही. याउलट यवसुरा ही वाग्भटाचार्यांच्या मते गुरू, रूक्ष, विष्टंभी व त्रिदोषकर आहे. आजची वाइन मार्द्वीकाच्या, तर बिअर यवसुरेच्या जवळची म्हणता येईल. मात्र बिअर बर्फात ठेवल्याने शीतवीर्य होत नाही. उष्ण व तीक्ष्ण हे मद्यमात्राचेच गुण आहेत.

संधान व ऊर्ध्वपातन : संधानात मद्यांश सुमारे १५ टक्क्यांपर्यंत गेला की किण्वाची क्रिया मंदावते. त्याहून तीव्र मद्यासाठी ऊर्ध्वपातन करावे लागते. गोव्यात काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्या पातनाने उर्राक व पुढील पातनाने फेणी काढतात. काजू पोर्तुगीजांबरोबर आल्याने संहितांत त्याचा उल्लेख नाही. तथापि फेणीचे तीक्ष्णत्व अनुमानाने सहज कळते.

मात्रा : ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिलीत सुमारे १३ मिली शुद्ध मद्यांश असतो. १३ टक्क्यांच्या वाइनच्या १५० मिलीत सुमारे २०, तर ५ टक्क्यांच्या बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत ३२ मिलीहून अधिक. 'सौम्य' पेय पिणारा अशा प्रकारे अडीच पेगांइतका मद्यांश घेऊन जातो. मद्याचे दहा गुण ओजाच्या दहा गुणांच्या विरुद्ध आहेत, हे मदात्ययचिकित्सेतील विवेचन येथे स्मरावे. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्यास निरपाय म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ साली स्पष्ट केले आहे.

आपले कर्तव्य : आपली आसवारिष्टेही संधानजन्यच होत. ८ टक्के मद्यांशाच्या अरिष्टाच्या २० मिलीत तो जेमतेम १.६ मिली असतो, म्हणून औषधी मात्रेची पेयाशी तुलना करणे अयोग्य. परंतु व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम घेणाऱ्या रुग्णास एवढा अंशही हृल्लास, छर्दी, हृद्द्रव असे गंभीर उपद्रव करू शकतो. मद्य सोडलेल्या रुग्णाची जुनी तृष्णाही त्याने जागी होऊ शकते. यकृद्विकारातही हाच विवेक हवा. अशा वेळी क्वाथ, चूर्ण वा वटी हाच मार्ग श्रेयस्कर.

म्हणून रुग्णास 'काय पिता?' एवढेच न विचारता 'किती, केव्हापासून, आणि सोडण्यासाठी कोणते औषध चालू आहे?' हेही विचारावे. अरिष्टाची बाटली हाती देण्यापूर्वी हे प्रश्न झालेच पाहिजेत.