छपाईच्या रांगेतली फाइल कोणाला वाचता येते?

समजा, पगाराचा डेटाबेस तुम्ही नीट बंदिस्त केला आहे. लेखा विभागाखेरीज कोणालाही तो उघडता येत नाही. तरीही संगणक कक्षातला ऑपरेटर सगळ्यांचे पगार वाचू शकतो. कसे?

अहवाल थेट प्रिंटरवर जात नाही. तो आधी स्पूल फाइल बनून आउटपुट क्यूमध्ये, म्हणजे छपाईच्या रांगेत, थांबतो. १९८८ मध्ये आलेल्या एएस/४०० या व्यावसायिक संगणकावर आणि आजच्या त्याच्या वारसदारावर, म्हणजे आयबीएम आय प्रणालीवर, जवळजवळ प्रत्येक गोष्ट 'ऑब्जेक्ट' असते आणि प्रत्येक ऑब्जेक्टला स्वतःच्या परवानग्या असतात. स्पूल फाइल मात्र स्वतंत्र ऑब्जेक्ट नाही. तिच्यापुरती वेगळी परवानगी देता येत नाही. संरक्षण करायचे ते रांगेचे. परीक्षेत विद्यार्थी हमखास इथेच अडखळतात.

रांग तयार करताना तीन पर्याय महत्त्वाचे. पहिला, 'डिस्प्ले एनी फाइल'. तो 'येस' ठेवला तर रांग वाचण्याची परवानगी असलेला कोणीही दुसऱ्याच्या फाइलमधला मजकूर पाहू शकतो. मूळ मूल्य 'नो' असते. ते सुरक्षित वाटते खरे, पण दुसरा पर्याय बघा: 'ऑपरेटर कंट्रोल्ड'. त्याचे मूळ मूल्य 'येस' आहे. त्यामुळे 'जॉब कंट्रोल' हा विशेष अधिकार असलेल्याला ती रांग चालवता येते आणि तिच्यातला मजकूरही वाचता येतो. आपल्या ऑपरेटरकडे नेमका हाच अधिकार असतो, कारण अडकलेली छपाई सोडवणे हे त्याचे रोजचे काम.

मग त्याचा अधिकार काढून घ्यायचा का? तसे केले तर छपाई अडकली की सगळे खोळंबतील. त्याऐवजी पहिल्या पर्यायात 'ओनर' हे मूल्य द्या. आता ऑपरेटर फाइल थांबवू, सोडू किंवा काढून टाकू शकतो. पण ती वाचू, तिची नक्कल करू किंवा दुसऱ्या रांगेत हलवू शकत नाही. हलवण्यावर बंदी का, याचा विचार करा: सैल रांगेत नेली की फाइल उघडीच!

तिसरा पर्याय, 'अथॉरिटी टू चेक', रांगेवर ताबा कोणाचा हे ठरवतो: फक्त रांगेच्या मालकाचा, की तिच्यावर वाचणे, भर घालणे आणि काढणे या तिन्ही परवानग्या असलेल्या प्रत्येकाचा.

या सगळ्याला ओलांडून जाणारा अधिकार म्हणजे 'स्पूल कंट्रोल'. तो ज्याच्याकडे आहे, त्याला रांगेची कोणतीही बंधने अडवत नाहीत. म्हणून तो देताना हात आखडताच असावा.

आणखी एक गोष्ट. फाइल ज्या वापरकर्त्याच्या नावाने तयार होते, तो तिचा मालक, आणि मालकाला स्वतःची फाइल नेहमीच दिसते. लेखा विभागातले चौघे एकाच लॉगिनवर काम करत असतील, तर 'ओनर' लावूनही चौघांना सगळे दिसेल.